संत अथानासियस आणि आमचा विश्वासांगीकार
(धर्मग्रामाच्या जुबिली समारंभांतील भाषण)



आपल्या धर्मग्रामाचा जुबिली महोत्सव आज आपण साजरा करीत आहों. अशा प्रसंगीं पूर्वजांची आठवण होणें स्वाभाविक आहे. देवळासाठीं कोणीं जमीन दिली, घंटेसाठीं कोणीं वर्गणी जमविली, भर उन्हांत कोणीं दगड वाहिले, हें सर्व आज येथें कृतज्ञतेनें सांगितलें जाईल, आणि तें सांगितलेंच पाहिजे. आम्हीं मात्र आजच्या भाषणासाठीं पूर्वजांच्या एका निराळ्या ठेव्याची निवड केली आहे. दर रविवारीं पवित्र मिस्सेंत उपदेश संपल्यावर आपण सर्वजण उभे राहतों आणि विश्वासांगीकार म्हणतों. हा ठेवा आपल्या वाडवडिलांनीं स्वतः निर्माण केला नव्हता. तो त्यांस मिळाला, त्यांनीं तो जपला आणि आपल्या हातीं दिला.

या विश्वासांगीकाराच्या मोठ्या पाठाची घडण इ. स. ३२५ सालीं निसिया येथें आणि ३८१ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें भरलेल्या धर्मसभांत झाली. निसियाच्या धर्मसभेस २०२५ सालीं १७०० वर्षें पूर्ण झालीं. तीं वाक्यें आपल्या तोंडीं इतकीं बसलीं आहेत कीं, तीं म्हणतांना आपलें चित्त पुष्कळदां भलतीकडेच असतें. परंतु त्यांतील एका शब्दासाठीं एका बिशपांनीं आयुष्यांतील सुमारें सतरा वर्षें आपल्या लोकांपासून दूर, हद्दपारींत किंवा लपून, काढलीं. ते संत अथानासियस होत. त्यांची कथा सांगण्यांत आमचा हेतु केवळ स्तुति करण्याचा नाहीं. बाहेरून विरोध आणि आंतून दुफळी, अशा दुहेरी संकटांत सत्याची बाजू कशी धरावी, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता आणि तो आपल्याही पुढें आहे.

प्रथम तो वाद कशाविषयीं होता, तें पाहूं. चौथ्या शतकाच्या आरंभीं मिसर देशांतील आलेक्झांड्रिया हें रोमन साम्राज्यांतील एक अग्रगण्य शहर होतें. तेथें बावकालिस नांवाच्या देवळांत एरियस हा धर्मगुरु काम करीत असे. पाखंडी म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर एखादा उच्छृंखल, दुराचारी मनुष्य उभा राहतो. एरियस तसा नव्हता. तो वयानें प्रौढ, राहणीनें साधा, बोलण्यांत गोड आणि तर्कांत चतुर होता. आपली शिकवण लोकांच्या तोंडीं बसावी म्हणून त्यानें खलाशी, दळणारे आणि वाटसरू यांच्यासाठीं गाणीं रचलीं, असें जुने इतिहासकार लिहितात.

त्याची शिकवण थोडक्यांत अशी होती. अनादि असा एकटा पिताच आहे. पुत्र हा सर्व सृष्टीच्या अगोदरचा आणि सर्व सृष्टीहून श्रेष्ठ खरा. परंतु तोही उत्पन्न केलेलाच आहे, आणि उत्पन्न होण्यापूर्वीं तो नव्हता. सकृद्दर्शनीं यांत ख्रिस्ताचा मोठा मान राखल्यासारखें दिसतें. सर्व देवदूतांच्या वर, सर्व संतांच्या वर त्यास बसविलें, मग आणखी काय पाहिजे, असें कोणासही वाटावें. पण थोडा विचार केला म्हणजे यांतील धोका ध्यानांत येतो. जर ख्रिस्त उत्पन्न केलेला असेल, तर गव्हाणींत आपल्याजवळ जो आला तो देव नव्हे, देवाचा एक चाकर आला. क्रुसावर जो मरण पावला तो देव नव्हे. परमेश्वर दूर वर बसून राहिला आणि आपल्यासाठीं दुसऱ्या कोणास तरी त्यानें दुःखांत लोटलें. मग आपण नाताळच्या रात्रीं बाळ येशूपुढें गुडघे टेकतों, तें एका सृष्ट वस्तूपुढें टेकतों काय? आणि जो स्वतः सृष्टींतील आहे, तो आपणांस देवाशीं कसा जोडूं शकेल? बुडणारा मनुष्य दुसऱ्या बुडणाऱ्यास तारीत नाहीं. अथानासियस यांच्या सर्व लिखाणाचें सार हेंच आहे: तारण करणें हें देवाचेंच काम आहे, आणि ज्यानें आपलें तारण केलें तो देवच असला पाहिजे.

सम्राट कॉन्स्टंटाईन यानें ३१३ सालीं ख्रिस्ती धर्मास मोकळीक दिली होती. छळाच्या जखमा अजून ओल्या होत्या, तोंच ख्रिस्तसभेंत ही फूट पडली. सम्राटास साम्राज्यांत शांतता हवी होती. त्यानें दोन्ही पक्षांस पत्र पाठवून कळविलें कीं, हा वाद क्षुल्लक आहे, असल्या गोष्टीसाठीं भांडूं नये. राज्य चालविणाऱ्यास धर्मांतील वाद नेहमींच क्षुल्लक वाटतात. पण पत्रानें काम झालें नाहीं. तेव्हां ३२५ सालीं त्यानें निसिया येथें, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील इझनिक गांवीं, बिशपांची सभा बोलाविली. सुमारें तीनशें बिशप जमले. परंपरेनें ही संख्या ३१८ धरतात. त्यांत छळाच्या खुणा अंगावर बाळगणारे कित्येक होते. मिसर देशांतील बिशप पाफ्नुतियस यांचा एक डोळा गेलेला होता. निओसीझरियाचे बिशप पौल यांचे हात तापलेल्या लोखंडानें निकामी केलेले होते, असें जुन्या इतिहासांत नमूद आहे.

सभेपुढें खरी अडचण शब्दांची होती. पवित्र शास्त्रांतील कोणताही शब्द पुढें ठेवला कीं एरियसच्या पक्षाचे लोक एकमेकांस डोळ्यांनीं खुणावीत आणि म्हणत कीं, हा आम्हांसही मान्य आहे. कारण त्या शब्दाचा अर्थ ते आपल्या मताकडे वळवूं शकत. तेव्हां ज्यांतून पळवाट काढतां येणार नाहीं, असा एक शब्द सभेनें स्वीकारला. ग्रीक भाषेंत तो होमोऊसिओस असा आहे. आपण त्यास एकतत्त्व म्हणूं. पुत्र पित्याशीं एकतत्त्व आहे: पित्याचें जें देवत्व तेंच पुत्राचें देवत्व. दोघे बिशप सोडून बाकी सर्वांनीं त्यावर सह्या केल्या. त्या दोघांस एरियसबरोबर हद्दपार करण्यांत आलें.

या सभेस आलेक्झांड्रियाचे बिशप आलेक्झांडर यांच्याबरोबर त्यांचा डीकन म्हणून एक तरुण आला होता. तोच अथानासियस. तीन वर्षांनीं, ३२८ सालीं, आलेक्झांडर यांच्या पश्चात् ते त्या नगरीचे बिशप झाले. त्या वेळीं त्यांचें वय तिशीच्या आंतबाहेर होतें.

सह्या झाल्या कीं प्रश्न मिटला, असें आपणांस वाटतें. परंतु सही करणारे हात सर्वच मनापासून सही करीत नाहींत. थोड्याच वर्षांत दरबारांतील वारें फिरलें. एरियसचे मित्र सम्राटाच्या कानाशीं लागले, आणि एरियसला पुन्हां ख्रिस्तसभेंत घ्यावें असा हुकूम अथानासियस यांस आला. त्यांनीं नकार दिला. मग त्यांच्या मताशीं वाद घालण्याऐवजीं त्यांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. त्यांनीं आर्सेनियस नांवाच्या एका बिशपाचा खून करून त्याचा हात जादूटोण्यासाठीं तोडून ठेवला, असा आरोप झाला. पेटींत घातलेला एक वाळलेला हातही पुरावा म्हणून दाखविण्यांत आला. ३३५ सालीं टायर येथें चौकशीची सभा भरली. तेथें अथानासियस यांनीं अंगावर पांघरूण घेतलेला एक मनुष्य पुढें आणला. तो आर्सेनियसच होता! शत्रूंनीं लपवून ठेवलेल्या त्या गृहस्थास त्यांच्या माणसांनीं शोधून काढलें होतें. अथानासियस यांनीं त्याचा एक हात उघडा करून दाखविला, थोडें थांबून दुसरा दाखविला, आणि तिसरा हात कोठून तोडला तें आरोप करणारांनीं सांगावें, असें म्हटलें. असें असूनही त्या सभेनें त्यांस दोषीच ठरविलें. शेवटीं आलेक्झांड्रियाहून राजधानीस जाणारें धान्य अडविण्याची धमकी त्यांनीं दिली, असा नवा आरोप झाला आणि सम्राटानें त्यांस आजच्या जर्मनींतील ट्रिअर शहरीं पाठवून दिलें.

येथें एक गोष्ट सांगितली नाहीं, तर सत्याविषयींच्या भाषणांत आम्हींच सत्य लपविल्यासारखें होईल. मिसर देशांत मेलिशियन नांवाचा एक फुटीर गट होता. त्या गटांतील एका मनुष्याचें ३३५ सालचें पत्र पपायरसवर सांपडलें असून तें १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. अथानासियस यांच्या अनुयायांनीं आपल्या लोकांस मारहाण केली, अशी तक्रार त्यांत आहे. पत्र विरोधकाचें आहे, हें खरें. तरी तें सर्वस्वीं खोटें आहे असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. अथानासियस यांची स्वतःची लेखणीही तिखट होती. सत्याचा पक्ष घेतला म्हणून पक्षांतील प्रत्येक माणसाचें प्रत्येक कृत्य सत्य होत नाहीं. ही गोष्ट आपण मनांत ठेवूं, कारण पुढें तिचा उपयोग आहे.

त्यानंतर अथानासियस यांच्या आयुष्याचा क्रम ठरूनच गेल्यासारखा झाला. एकंदर पांच वेळां त्यांस आपलें पीठ सोडावें लागलें: ३३५ ते ३३७, ३३९ ते ३४६, ३५६ ते ३६२, ३६२ ते ३६३ आणि ३६५ ते ३६६. चार सम्राटांनीं त्यांस घालविलें. दुसऱ्या वेळीं ते रोमला गेले आणि परमगुरु पोप ज्युलियस यांनीं त्यांचा कैवार घेतला. पण सम्राट कॉन्स्टँशियस हा एरियसच्या बाजूचा होता. त्याच्या हातीं सर्व सत्ता आल्यावर एकामागून एक बिशप दबले. कोणास हद्दपारीची भीति, कोणास पदाचा लोभ, कोणास केवळ कंटाळा.

या काळांतील अँटिओक शहराची एक हकीकत थिओडोरेट या इतिहासकारानें लिहून ठेवली आहे. तेथील बिशप लिओन्शियस हा एरियसच्या मताकडे झुकलेला होता. परंतु त्यास कोणाचाच राग ओढवून घ्यावयाचा नव्हता. पवित्र त्रैक्याचें गौरवस्तोत्र म्हणतांना पुत्राचें नांव कोणत्या शब्दानें जोडावें, यावर तेथें दोन तट होते. एका तटाचे लोक एका रीतीनें म्हणत, दुसरे दुसऱ्या. बिशप स्वतः काय म्हणतो, तें ऐकावयास दोन्हीं तटांचे लोक कान टवकारून बसत. पण तो सर्व स्तोत्र तोंडांतल्या तोंडांत पुटपुटे, आणि शेवटचे युगानुयुगांविषयींचे शब्द तेवढे मोठ्यानें म्हणे!

त्याच शहरांत फ्लेव्हियन आणि डायोडोरस असे दोन गृहस्थ होते. ते त्या वेळीं धर्मगुरु नव्हते. आपणांसारखे प्रापंचिकच होते. त्यांनीं लोकांस रात्रीं रक्तसाक्ष्यांच्या कबरींजवळ जमविलें, दोन मेळे करून आळीपाळीनें स्तोत्रें म्हणावयास शिकविलें आणि तेंच गौरवस्तोत्र स्पष्ट आवाजांत म्हणवून घेतलें. संत जॉन हेन्री न्यूमन यांनीं १८५९ सालीं लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधांत हेंच दाखवून दिलें आहे कीं, त्या बिकट वर्षांत अनेक बिशप डळमळले असतां स्नानसंस्कारांत मिळालेला विश्वास सामान्य लोकांनीं जतन केला. आपल्या घरीं संध्याकाळीं जपमाळ म्हणतांना प्रत्येक दशकाच्या शेवटीं आपण पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचें गौरव एका श्वासांत करतों. ते शब्द पुटपुटण्याचे नाहींत, एवढें यांतून आपण शिकावें.

इकडे आलेक्झांड्रियांत ३५६ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या ८ तारखेस रात्रीं संत थिओनास यांच्या देवळांत लोक जागरण करीत बसले होते. सेनापति सिरियानस पांच हजारांहून अधिक शिपाई घेऊन आला आणि त्यानें देवळास वेढा दिला. अथानासियस आपल्या आसनावर बसून राहिले. त्यांनीं डीकनास एक स्तोत्र वाचावयास सांगितलें. त्याच्या प्रत्येक ओळीनंतर देवाच्या अखंड दयेविषयीं लोकांनीं जबाब द्यावयाचा असतो. दारें फुटलीं, बाण सुटले, तरवारी चमकल्या. लोक त्यांस पळून जाण्याविषयीं विनवूं लागले. लोक सुरक्षित बाहेर पडल्याखेरीज आपण हलणार नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. बहुतेक लोक बाहेर पडल्यावर मठवासी तपस्व्यांनीं त्यांस गर्दींतून ओढून बाहेर काढलें. पुढचीं सहा वर्षें त्यांनीं मुख्यतः वाळवंटांतील तपस्व्यांच्या आश्रयानें काढलीं आणि तेथूनच ग्रंथ लिहिले.

या अवधींत वृद्ध बिशप होसियस यांची कथा घडली. निसियाच्या सभेंत ते अग्रस्थानीं होते. ३५७ सालीं, वय शंभराच्या घरांत असतां, त्यांस जबरदस्तीनें निसियाच्या विरुद्ध असलेल्या लेखास संमति द्यावयास लाविलें. पोप लिबेरियस यांसही हद्दपार करून त्यांचें मन मोडण्यांत आलें. हें ऐकून अथानासियस यांनीं काय लिहिलें असेल? ज्यांच्यासाठीं आपण सर्व सोसलें, त्यांनींच हात टेकले म्हणून शिव्याशाप देणें साहजिक होतें. परंतु छळाखालीं माणूस जें करतो तें त्याच्या इच्छेचें नसून छळणाराच्या इच्छेचें असतें, अशा आशयाचें त्यांनीं लिहिलें. पडलेल्या म्हाताऱ्याविषयीं त्यांच्या लेखणींत तिखटपणाऐवजीं करुणा आली.

३५९ सालीं तर रिमिनी आणि सेल्युशिया येथील सभांत बहुसंख्य बिशपांकडून एक गुळमुळीत लेख मान्य करवून घेण्यांत आला. निसियाचा शब्द पुसला गेला असेंच जगास वाटलें. त्याच सुमारास लपलेल्या जागेंतून अथानासियस यांनीं एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यांनीं सांगितलें कीं, कांहीं लोक पुत्र हा खरोखर पित्याच्या तत्त्वापासून आहे असें मानतात, निसियाचें बाकी सर्व कबूल करतात आणि केवळ एकतत्त्व या शब्दास कचरतात. अशा लोकांस शत्रु समजूं नये. ते आपले बंधु आहेत. बंधूंशीं बोलावें तसें त्यांच्याशीं बोलावें. बंधुभगिनींनो, ज्या शब्दासाठीं घर, पीठ, सुख सर्व गेलें, त्या शब्दाविषयीं हें लिहिलेलें आहे! त्यांस शब्दापेक्षां शब्दांतील सत्य प्रिय होतें. आणि तेंच सत्य दुसऱ्याच्या निराळ्या शब्दांत दिसलें, तर तें ओळखण्याची त्यांची तयारी होती.

३६२ सालीं ते परत आले. आतां सूड घेण्याची संधि होती. त्यांनीं वीसएक बिशपांची एक लहानशी सभा भरविली. त्या सभेंत दोन गोष्टी ठरल्या. पहिली अशी: त्रैक्याविषयीं बोलतांना कांहीं लोक तीन हा शब्द वापरीत, कांहीं एक हा शब्द वापरीत, आणि दोघेही परस्परांस पाखंडी म्हणत. सभेनें दोघांसही समोर बसवून विचारलें, तुमच्या बोलण्याचा अर्थ काय? उत्तरें ऐकल्यावर दोघांचा विश्वास एकच आहे, असें निष्पन्न झालें. दुसरी अशी: जे बिशप दबावामुळें सही करून बसले होते, त्यांनीं निसियाचा विश्वास कबूल केला तर त्यांस त्यांच्या पदासह परत घ्यावें. पाखंडाच्या पुढाऱ्यांस पश्चात्तापानंतर क्षमा करावी, परंतु पुन्हां अधिकारपद देऊं नये. या ठरावांत सत्य एका तसूनेंही मागें सरलें नाहीं, आणि दार मात्र उघडें राहिलें.

हें सर्वांस रुचलें नाहीं. सार्डिनियांतील काल्यारीचे बिशप लुसिफर यांनींही निसियासाठीं हद्दपारी सोसली होती. धैर्यांत ते कोणास हार जाणारे नव्हते. पण एकदां घसरलेल्यास परत घेणें त्यांस सहन झालें नाहीं. अँटिओक येथें निसियाचा विश्वास मानणारेच दोन गट होते. त्यांचा समेट होण्यापूर्वींच लुसिफर यांनीं घाईनें एका गटासाठीं नवा बिशप नेमला. परिणाम असा झाला कीं, एकच विश्वास मानणाऱ्या लोकांत पन्नासांहून अधिक वर्षें दुफळी चालली. अथानासियस आणि लुसिफर यांचा विश्वास एकच होता, धैर्यही सारखेंच होतें. एकानें घर सांधलें, दुसऱ्यानें तें दुभंगलें.

संत अथानासियस २ मे ३७३ रोजीं आलेक्झांड्रियांत, आपल्याच पीठावर असतां, वारले. ३८१ सालीं कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेनें निसियाचा विश्वास कायम केला. तो विजय पाहावयास ते नव्हते.

आतां आपल्या घराकडे वळूं. पाखंडाचा वाद आपल्या मुलखांत झाला नाहीं. परंतु दुफळी आपणही पाहिली आहे. १७९४ सालीं मुंबई बेटांतील देवळें दोन अधिकारांत विभागलीं गेलीं. कांहीं देवळें पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील पाद्रोआदोकडे, आणि कांहीं रोमहून नेमलेल्या प्रोपागांडाच्या विकाराकडे. लोक, कुटुंबें, वाड्या यांत तट पडले. १८८६ सालीं पोप महाराज आणि पोर्तुगाल यांच्यांत करार झाला आणि दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला. तरी दोन अधिकार चालूच राहिले. अखेर १९२८ सालच्या करारानें दमणचा धर्मप्रांत बंद झाला आणि मुंबईंतील दुहेरी अधिकार संपला. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत तर १९९८ सालीं झाला.

या शंभरांहून अधिक वर्षांच्या भांडणांत दोन्हीं पक्षांचे लोक रविवारीं मिस्सेंत कोणता विश्वासांगीकार म्हणत होते? एकच! पुत्र पित्याशीं एकतत्त्व आहे, हें दोघांसही मान्य होतें. भांडण हक्कांचें होतें, नेमणुकींचें होतें, मालमत्तेचें होतें, आणि मानाचेंही होतें. अशा गोष्टींचा निकाल लागलाच पाहिजे. पण त्यांस सत्याचें नांव देऊन आपल्या भावास धर्मद्रोही म्हणणें, हें निराळें. आमच्या वाडवडिलांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. त्यांच्या अनुभवावरून शहाणें होण्याचा मात्र आहे.

कारण आजही आपल्यांत तट पडतात. देवळाच्या समितीवर कोण बसावें, सणाचा मान कोणत्या वाडीस मिळावा, भजन कोणत्या चालीवर म्हणावें, यावरून सख्खे शेजारी मिस्सा संपल्यावर एकमेकांकडे न पाहतां घरीं जातात. असल्या भांडणांत आम्ही तावातावानें उभे राहतों. आणि ज्या ठिकाणीं खरोखर उभें राहिलें पाहिजे, तेथें आम्ही लिओन्शियसाप्रमाणें पुटपुटतों. कचेरींत कोणी म्हणतो कीं, तुमचा येशू एक थोर शिक्षक होता, एवढेंच. आम्ही मान हलवितों, कारण वाद नको. खोट्या दाखल्यावर सही मागितली जाते. आम्ही करतों, कारण सर्वच करतात. गरिबाच्या जमिनीचा सौदा अन्यायानें होत असतो; आम्ही गप्प बसतों, कारण सौदा करणारा आमच्याच नात्यांतला असतो. ज्यानें आमच्यासाठीं देह धारण केला तो खरा देव असेल, तर गरिबाच्या देहाशीं झालेला अन्याय हा धर्माबाहेरचा विषय कसा होईल?

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनीं ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर प्राण दिला. तसा प्रसंग आपल्यांपैकीं बहुतेकांवर येणार नाहीं. आपल्या वाट्यास येणारी साक्ष लहान असते, आणि लहान असल्यामुळेंच ती टाळणें सोपें असतें.

म्हणून वादाचा प्रसंग येईल तेव्हां आपण स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या, अशी आमची नम्र सूचना आहे. हा वाद प्रभूविषयीं आणि त्याच्या आज्ञेविषयीं आहे, कीं आपल्या खुर्चीविषयीं आहे? त्यासाठीं लागणारी किंमत आपण स्वतः देत आहों, कीं आपल्या अनुयायांच्या काठीनें ती दुसऱ्याकडून वसूल करीत आहों? आणि उद्यां समोरचा मनुष्य परत आला, किंवा तो आपल्यासारखेंच मानतो असें आढळून आलें, तर त्यास घेण्यासाठीं आपलें दार उघडें आहे काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर होय असेल तर मागें हटूं नये, मग सम्राट समोर असो वा सोयरा. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांस आपण अडखळलों, तर आपण सत्याच्या नांवानें आपलाच हट्ट चालविला आहे, असें समजावें.

येत्या रविवारीं आपण पुन्हां उभे राहूं आणि विश्वासांगीकार म्हणूं. आपल्या शेजारीं कदाचित् तोच मनुष्य असेल, ज्याच्याशीं आपलें बोलणें बंद आहे. त्याच्या आणि आपल्या मुखांतून तेच शब्द निघतील. ते आपण स्पष्ट म्हणूं. आणि मिस्सा संपल्यावर दाराशीं थांबून त्याच्याशीं दोन शब्द बोलूं. पुढें कधीं तरी या धर्मग्रामाची आणखी एक जुबिली येईल आणि त्या वेळचे लोक आपणांस पूर्वज म्हणतील. आपण त्यांच्या हातीं हा विश्वास अखंड आणि हें घर अभंग सोंपवावें, एवढीच प्रार्थना आम्ही पवित्र मरियेच्या आणि संत अथानासियस यांच्या मध्यस्थीनें परमेश्वराजवळ करतों.

आमेन.